निर्भेळ आणि निर्मळ

दिवाळी हा दिव्यांचा सण असे आपण म्हणतो. पण जरा बारकाईने पाहिले तर तो तेलाचा सण आहे. पहाटे तेल अंगाला लागते, दुपारी कढईत तापते आणि संध्याकाळी पणतीत जळते. वर्षभर पळीने मोजून तेल वाढणारी गृहिणीदेखील या चार दिवसांत हात सैल सोडते. गंमत अशी की, या तिन्ही ठिकाणी आपल्याला एकच तेल चालत नाही. अभ्यंगाला वासाचे हवे, कढईला बिनवासाचे हवे. आणि पणतीत कोणते घातले याची चौकशी कोणी करत नाही, वातीने कुरकुर केली नाही म्हणजे झाले!

आम्हा भाषेच्या मास्तरांना तर या तेलात शब्दांचेच तरंग दिसतात. 'तेल' हा शब्द तिळापासून आला. तिळाचे ते तैल. पुढे शेंगदाणा आला, सरकी आली, सूर्यफूल आले. पण नाव तिळाचेच राहिले. संस्कृतात तेलाला आणखी एक नाव आहे, 'स्नेह'. माणसामाणसांतले घर्षण कमी करणाऱ्या वस्तूलाही हेच नाव आहे. आणि बैलाचा घाणा गावातून केव्हाच हद्दपार झाला असला, तरी आमच्या स्वयंपाकघरात चकल्यांचा पहिला घाणा अजून निघतोच.

पण या स्नेहावरून हल्ली घराघरांत भांडणे होऊ लागली आहेत. एक पक्ष म्हणतो, रिफाइंड तेल म्हणजे विष. त्यातले सत्त्व कारखान्याने काढून घेतले. दुसरा पक्ष म्हणतो, घाण्याचे तेल म्हणजे गाळ. फेस येतो, धूर होतो, वास मारतो. आमच्या घरात मातुःश्री पहिल्या पक्षाच्या आणि सौभाग्यवती दुसऱ्या पक्षाच्या. मी तटस्थ राष्ट्र आहे. दोन्ही पक्षांच्या चकल्या खातो.

तटस्थ राहणे यंदा मात्र परवडले नाही. इंदापूर तालुक्यात माझी थोरली बहीण दिली आहे. तिचा मुलगा पदवीधर झाला, दोन वर्षे पुण्यात नोकरी करून परत आला आणि आता त्याने लाकडी घाणा टाकायचे मनात घेतले आहे. विजेवर फिरणारा घाणा, गाळणयंत्र, रस्त्याकडेला गाळा. बँकेचे कर्ज काढायचे आणि कमी पडेल ते ताईच्या पाटल्या मोडून उभे करायचे. ताई म्हणाली, "तू शिकलेला आहेस बाबा. तू हो म्हणालास तर मी पाटल्या देते." मराठीच्या प्राध्यापकावर अशी जबाबदारी सहसा येत नाही.

भाच्याचा विचार अगदीच हवेतला नव्हता, हेही सांगितले पाहिजे. बारामती आणि इंदापूर म्हणजे ऊस, अशी आता सर्वांची समजूत आहे आणि नीरेच्या कालव्याखाली ती खरीही आहे. पण कालव्याचे पाणी जिथे पोचत नाही त्या जिराईत पट्ट्याचे जुने पीक रब्बी ज्वारी, आणि ज्वारीची सोबतीण करडई. करडईच्या पानांना काटे. म्हणून ज्वारीच्या शेताला ती कडेने पेरायची. गुरे आत शिरत नसत. कोवळ्या पानांची भाजी, फुलांचा रंग, बियांचे तेल. तेलातही आणखी एक करामत होती. करडईचे तेल खूप तापवले की ते काळे, चिकट होई, आणि ते विहिरीच्या मोटेच्या कातड्याला नि नाड्याला लावीत, म्हणजे पाण्यात कातडे कुजत नसे. पुढे ऊस आला, मोट गेली, करडई मागे पडली. शेजारच्या फलटणला १९६८ साली निघालेल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बिनकाट्याच्या करडईचे वाण काढले, तेव्हा काट्यांची तक्रारही मिटली. पण घाणे तोवर बंद पडले होते.

आणि तेल्याच्या व्यवसायाला आमच्या भागात मानही आहे. दर आषाढात तुकोबांची पालखी बारामतीहून सणसर, निमगाव केतकी करीत इंदापूरला जाते. तुकोबांच्या चौदा टाळकऱ्यांत एक संताजी जगनाडे. ते चाकणचे तेली. तुकोबांचे अभंग त्यांनी लिहून ठेवले अशी परंपरा आहे. तेव्हा घाण्याला मी नाही म्हणणार नव्हतो. माझे सारे अडले होते ते भाच्याने छापायला काढलेल्या लेबलावर. त्यावर ठळक अक्षरांत होते: 'शंभर टक्के शुद्ध. रसायनविरहित.'

'रसायनविरहित' हा शब्द मी आमच्या रसायनशास्त्राच्या सहकाऱ्यांना दाखवला. ते मोठ्याने हसले आणि म्हणाले, "सर, तेल हे स्वतःच रसायन आहे. आणि बी ही तर अख्खी प्रयोगशाळा! तिने त्यात काय काय भरून ठेवले आहे ते तुमच्या भाच्याला ठाऊक आहे का?"

नंतर दोन-तीन संध्याकाळी त्यांनी मला जे शिकवले, ते मी माझ्या भाषेत सांगतो.

बी काही आपल्या चकल्यांसाठी तेल साठवत नाही. ती रोपाची शिदोरी असते. त्या शिदोरीबरोबर बी आणखी पुष्कळ वस्तू बांधून देते. नव्या पेशींची पटले उभारायला फॉस्फरसयुक्त स्निग्ध द्रव्ये, म्हणजे तेलातला गोंद. टरफल वाळू नये म्हणून त्यावर मेण. उजेडाचा व्यवहार सांभाळणारी हिरवी-पिवळी रंगद्रव्ये. तेल खवट होऊ नये म्हणून टोकोफेरॉल, म्हणजेच ई जीवनसत्त्व. आणि किडीने खाऊ नये म्हणून कधी कधी चक्क विष. आपण बी दाबली की तेलाबरोबर यांतले थोडे थोडे बाहेर येते. हा कोणी केलेला भेसळीचा माल नव्हे, ही बीचीच मिळकत आहे. तिला ती हवी असते. नको असते ती आपल्याला.

कारखाना हे नकोसे द्रव्य एकेक करून काढतो. त्याची रीत ऐकली तेव्हा मला आमचे स्वयंपाकघरच आठवले.

पहिला गोंद. तेलात थोडे गरम पाणी घालून घुसळले की गोंद ते पाणी पितो, फुगतो, जड होतो आणि तेलाशी फारकत घेतो. मग फिरत्या यंत्रात घालून त्याला बाजूला करतात. काही गोंद हट्टी असतो, पाण्याला दाद देत नाही. त्याच्यासाठी फॉस्फरिक किंवा लिंबातले सायट्रिक आम्ल घालतात. तेल फसफसू लागले की आमच्या मातुःश्री कढईत चिंचेचा गोळा टाकतात, तोही आंबटच. सोयाबीनच्या तेलात हा गोंद पुष्कळ असतो. त्यालाच लेसिथिन म्हणतात आणि चॉकलेटात तो मानाने जाऊन बसतो. एकाचा कचरा दुसऱ्याची मिठाई!

दुसरे आम्ल. बी ओली राहिली, फुटली, जुनी झाली की तिच्यातलेच पाचकरस तेल तोडू लागतात आणि स्निग्धाम्ले सुटी होतात. घशाला खवखव होते, कढई लवकर धुरावते, ती यांच्यामुळे. कारखान्यात कॉस्टिक सोड्याचे पाणी घालून या आम्लांचा साबण करतात आणि तो धुऊन काढतात. हा साबण पुढे कपड्याच्या साबणात जातो.

तिसरा रंग. त्यासाठी तेल एका मातीवरून गाळतात. पूर्वी या कामी जी माती वापरीत ती मुलतानी मातीच्या घराण्यातली. आता तिच्यावर आम्लाची प्रक्रिया करून तिची भूक वाढवलेली असते. नरकचतुर्दशीला जी माती उटण्यातून चेहऱ्याचे तेल पिते, तिचीच ही थोरली बहीण तेलाचा रंग पिते.

चौथे मेण. करडईत आणि शेंगदाण्यात याचा त्रास नाही, पण सूर्यफुलाच्या तेलाला थंडीत ढगाळ करते ते हे मेण. तेल सावकाश पाच-दहा अंशांपर्यंत थंड करतात, मेणाचे कण धरू देतात आणि गाळून घेतात.

पाचवा आणि शेवटचा वास. बंद भांड्यात हवा जवळजवळ नाहीशी करून तेल २२० ते २५० अंश सेल्सियसपर्यंत तापवतात आणि त्यातून वाफ सोडतात. वाफ वास घेऊन निघून जाते. डेव्हिड वेसन नावाच्या अमेरिकन रसायनतज्ज्ञाने एकोणिसावे शतक संपता संपता ही युक्ती सरकीच्या तेलावर साधली आणि ते तेल अमेरिकेच्या जेवणात रुजले.

मी हे सारे भाच्याला फोनवर सांगितले. तो शांतपणे ऐकून म्हणाला, "मामा, मग सरकीपण काढू की आपण घाण्यावर. सरकी स्वस्त पडते. आणि पेंडीला तर आपल्याकडे दुभत्या जनावरांमुळे गिऱ्हाईक तयारच आहे."

हे मी सहकाऱ्यांच्या कानावर घातले, तेव्हा त्यांचे हसू मावळले. "त्याला सांगा, काहीही काढ, पण सरकी काढू नकोस!"

सरकीच्या गरात बारीक काळे ठिपके दिसतात. त्यांत गॉसिपॉल नावाचे पिवळे द्रव्य असते. १८९९ मध्ये मार्क्लेव्हस्की या पोलिश रसायनतज्ज्ञाने कापसाच्या शास्त्रीय नावावरून त्याला हे नाव दिले. कपाशीचे ते शस्त्र आहे. शास्त्रज्ञांनी हे ठिपके नसलेली कपाशी तयार केली, तेव्हा किडींनी तिचा फडशा पाडला. आपल्याला मात्र ते शस्त्र महागात पडते. चीनच्या काही खेड्यांत एका काळात मुले होईनाशी झाली. शोध घेता घेता माग लागला तो घरोघरी वापरात असलेल्या कच्च्या, थंड दाबाने काढलेल्या सरकीच्या तेलाचा. गॉसिपॉलमुळे पुरुषांचे बीजच निर्बल होत होते. पुढे १९७२ पासून चीनने तेच द्रव्य पुरुषांचे संततिनियमनाचे औषध म्हणून आठ हजारांहून अधिक जणांवर वापरून पाहिले. काहींच्या रक्तातले पोटॅशियम घसरून अंगातले बळ गेले, काहींची जननक्षमता औषध थांबवूनही परत आली नाही. शेवटी तो नाद सोडून द्यावा लागला.

कारखान्यात हेच गॉसिपॉल कॉस्टिक सोड्याबरोबर साबणात निघून जाते, म्हणून शुद्ध केलेले सरकीचे तेल निर्धोक असते. गाई-म्हशींना पेंड चालते, कारण रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात हे विष बऱ्याच अंशी बांधले जाते. पण घाण्याला ना सोडा, ना चार पोटे. घाण्यातून सरकीचे तेल काढले तर त्यात भेसळ थेंबभर नसेल, आणि तरीही ते खाण्याजोगे नसेल.

इथे मला माझा शब्द सापडला. मराठीत दोन वेगळे शब्द आहेत आणि आपण दोन्हींच्या जागी 'शुद्ध' म्हणून मोकळे होतो. ज्यात बाहेरून काही मिसळलेले नाही ते 'निर्भेळ'. ज्यात नकोसे काही उरलेले नाही ते 'निर्मळ'. घाण्याचे तेल निर्भेळ असू शकते. ते निर्मळ असेलच असे नाही. आणि कारखान्याचे तेल निर्मळ असते, पण त्या नितळ पिशवीत एकाच बीचे तेल आहे की दोन-तीन, हे डोळ्यांना नि नाकाला कळायची सोय उरलेली नसते. मातुःश्री निर्भेळ मागतात, सौभाग्यवती निर्मळ मागतात, आणि दोघींना वाटते की आपण एकाच शब्दावरून भांडतो आहोत.

तेव्हा निर्मळ ते सर्वश्रेष्ठ म्हणावे काय? तसेही नाही. वास काढणारी वाफ वासाबरोबर टोकोफेरॉलचाही काही हिस्सा घेऊन जाते. खवटपणा रोखणारा राखणदारच थोडा कमी होतो. शिवाय २०० अंशांच्या वर बराच वेळ तापलेल्या तेलात ग्लिसिडिल एस्टरसारखी, बीत मुळीच नसलेली द्रव्ये नव्याने जन्मतात. पामतेलात ती विशेष आढळतात. युरोपीय संघाने २०१८ मध्ये त्यांच्यावर मर्यादा घातली आणि कारखानेही आता आच बेताने लावायला शिकत आहेत. म्हणजे काढण्याचीही एक सीमा आहे.

ही सीमा बारामतीकरांना निराळी सांगायला नको. कऱ्हेकाठी बसून मोरोपंतांनी रामायणे रचली, शंभरावर. त्यांत एक 'निरोष्ठ रामायण' आहे. ज्या अक्षरांना ओठ मिटावे लागतात ती सारी त्यातून वगळलेली. कसब थोर! पण 'म' उच्चारताना ओठ मिटतात. म्हणजे या रामायणात 'राम' हा शब्दच येऊ शकत नाही. पंतांनी पर्यायी नावांनी ती उणीव भरून काढली. तेलाला ते साधत नाही. गाळता गाळता रामच गाळला गेला की मागे नुसता चिकट पदार्थ उरतो.

मग भाच्याला काय सांगितले? मी बारामतीहून बसने इंदापूरला गेलो. ताईने पोहे केले. भाचा वही घेऊन बसला. सहकाऱ्यांनी सांगितलेली चार कलमे मी त्याला उतरवून दिली.

पहिले, सरकी नाही. करडई, शेंगदाणा, तीळ, खोबरे एवढेच. करडईची कडू द्रव्ये बहुतेक पेंडीतच राहतात, तेल गोड उतरते. दुसरे, शेंगदाणा हाताने निवडायचा. काळपट, सुरकुतलेला, बुरशीचा दाणा एकही आत जाता कामा नये. १९६० मध्ये इंग्लंडात लाखभर टर्की पक्षी मेले ते बुरशी लागलेल्या शेंगपेंडीने, आणि त्यातून अफ्लाटॉक्सिन या विषाचा पत्ता लागला. त्याचा मोठा भाग पेंडीत राहतो, पण थोडा कच्च्या तेलातही उतरतो. कारखान्याचा सोडा आणि माती तो काढतात. घाण्यात काढणारा कोणी नाही, म्हणून आत जाऊच द्यायचा नाही. तिसरे, तेल निवळू द्यायचे. गाळ खाली बसला की वरचे गाळून भरायचे. घाईने भरलेल्या गढूळ तेलाला 'नैसर्गिक' म्हणून खपवायचे नाही. चौथे, थोडे काढायचे आणि ताजे विकायचे. करडईच्या तेलात पाऊण हिस्सा लिनोलेइक आम्ल असते. तेच त्याचे भूषण आणि तेच त्याचे दुखणे, कारण ते हवेने फार लवकर खवट होते. डब्यावर काढल्याची तारीख हवीच.

भाचा लिहिता लिहिता थांबला. "मामा, एवढे सगळे केले तर तेल महाग पडेल. शेजारच्या गाळ्यातला माणूस यांतले काहीच करणार नाही आणि 'शुद्ध' लिहून स्वस्त विकेल."

"विकेल," मी म्हणालो.

ताई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने विचारले, "आणि यातला एखादा दाणा निवडायचा राहिला तर? लेकराबाळांच्या पोटात जायचे ते."

भाच्याने तिच्याकडे पाहिले, मग वहीकडे. मग म्हणाला, "दाणे निवडायला बायका लागतील. चार तरी. त्यांचा पगार मी धरला नव्हता." आणि त्याने पुन्हा आकडेमोड मांडली. कर्ज थोडे वाढले, नफा पुष्कळ कमी झाला, गाळणयंत्राचा दुसरा विचार करावा लागला. ताईने तासाभराने दोन पाटल्यांपैकी एक काढून त्याच्या हातावर ठेवली. "एकीचे काम दिसू दे, मग दुसरी," एवढेच म्हणाली. ज्याला आपण व्यवहार म्हणतो तो मी इतक्या थोड्या शब्दांत कुठल्या पुस्तकात वाचलेला नाही.

लेबलावरचे 'रसायनविरहित' गेले. 'शंभर टक्के शुद्ध' गेले. आता तिथे आहे: 'निर्भेळ. निवडलेल्या दाण्यांचे. निवळून गाळलेले.' आणि खाली तारीख. घाणा दसऱ्याला सुरू झाला.

आमच्या घरापुरता तहही झाला आहे. फोडणीला, चटणीवर, भाकरीबरोबर घाण्याचे तेल. तिथे वास हवाच, आणि आच थोडी असते. चकल्या-कडबोळ्यांना रिफाइंड. कारण कच्चे शेंगतेल साधारण १६० अंशांच्या आसपास धूर सोडू लागते, शुद्ध केलेले २३० पर्यंत धीर धरते, आणि चकलीला तर १७०-१८० अंशांची आच लागते. तळून उरलेले तेल मात्र पुन्हा पुन्हा तापवायचे नाही, मग ते कोणत्याही पक्षाचे असो. मातुःश्रींनी या तहावर सही केली; फक्त पहिला घाणा चिंचेचा गोळा टाकूनच निघेल, ही अट घातली.

तेव्हा वाचकहो, या दिवाळीत दुकानदाराने 'एकदम शुद्ध आहे' म्हटले, तर त्याला हळूच विचारा: शुद्ध म्हणजे काय, निर्भेळ की निर्मळ? तो गोंधळेल. पण ज्याला उत्तर देता येईल, त्याच्याकडून तेल घ्यायला हरकत नाही.